सूचना : रविवारी उपासनेनंतर थांबावे

सर्व सभासदांना जय ख्रिस्त.

येत्या रविवारी उपासना झाली की लगेच घरी पळू नका. साडेअकराला चर्चमागच्या हॉलमध्ये बसायचं आहे. दिवाळीनंतर आपली काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. कारखान्यावर रविवार काय अन् सोमवार काय, कोयता चालूच. त्यांना धीर देत राहणं आपलं काम आहे.

– प्रत्येक कुटुंबामागे इथली दोन घरं ठरवू. आठवड्याला एक फोन, तोही रात्री आठनंतर. दिवसा माणसं फडात असतात.
– फोनवर उपदेश नको. आधी जेवण, लेकरं, दुखणंखुपणं विचारा, मग छोटी प्रार्थना.
– मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे जोडीनं जा. चहा पुढे केला तर घ्या.
– बायबल आणा. इब्री १०:२४-२५ आणि प्रेषितांची कृत्ये ९:२६-२७ वाचू. शौल (म्हणजे पुढचा पौल) आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा, म्हणून यरुशलेमेतले शिष्य त्याला भीत होते. बर्णबा नावाच्या शिष्यानं त्याला सोबत घेऊन प्रेषितांपुढे उभं केलं. आपल्याकडे नवीन माणूस आला की त्याच्या बाकावर कोण बसतं, तेही तेव्हा बोलू. सध्या तरी बाक रिकामाच दिसतो.

नावं शनिवारी संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींकडे द्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी चालू असलेला मोबाइल नंबर द्यावा.

– सेक्रेटरी, मंडळी समिती