पाणी पाचव्या दिवशी, पाणीपट्टी ३६५ दिवसांची : नगरविकास मंत्र्यांना सोलापुरातून खुलं पत्र

मा. नगरविकास मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : वाढलेली पाणीपट्टी, न दिलेल्या पाण्याची वसुली आणि आम्ही दाद कुठं मागायची याबाबत.

साहेब, स.न.वि.वि.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरी बसून शाळेच्या युनिफॉर्मचे शर्ट शिवते. मिस्टर पॉवरलूमवर आहेत, सासूबाईंचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं, मुलगा कॉलेजला आहे. आम्ही काही फुकटे नाही, पाणीपट्टी आजवर भरत आलोय, कधी दोन हप्ते मागं-पुढं झाले असतील पण बुडवली कधीच नाही.

मार्च एन्ड म्हणून परवा महापालिकेचे वसुलीवाले आले. हातात बिल ठेवलं. चालू वर्षाची रक्कम वाढलेली, त्याच्या खाली थकबाकी ६,४१२ रुपये, त्याच्यावर शास्ती म्हणजे दंड, आणि सगळ्यात खाली शिक्का की मुदतीत न भरल्यास नळजोड तोडण्यात येईल. ती थकबाकी आम्ही भरलेली आहे साहेब. पावती आहे. रेशन कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली, ती काढून त्या पोराच्या हातात दिली, तर त्याने उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, मॅडम पावती बरोबर आहे पण सिस्टिमला दिसत नाही, तुम्ही ऑफिसला जावा, आम्हाला फक्त वसुली दिलीय. ऑफिसला गेले तर खिडकीवाला म्हणतो आत जा, आतला म्हणतो साहेब मीटिंगला गेलेत, आणि साहेब भेटले तेव्हा म्हणाले आधी सगळी रक्कम भरून टाका, जास्त झालं असेल तर पुढच्या बिलात वळतं करू. एकदा भरलेले पैसे परत भरायचे, तेही त्यांच्या कॉम्प्युटरला आमची पावती दिसत नाही म्हणून! आणि भरले नाहीत तर त्या पैशावर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४ टक्के. घराचं कर्ज देणारी बँकसुद्धा एवढं घेत नाही.

बरं हे सगळं कशासाठी, तर पाण्यासाठी. आता ते पाणी कसं येतं ते ऐका.

आमच्याकडं पाणी चार दिवसाआड. म्हणजे पाचव्या दिवशी. ते पण ठरलेलं असेल तर, कारण मधे कुठंतरी पाइप फुटला, पंपाची लाइट गेली, शटडाऊन घेतला की सहावा उजाडतो, सातवा उजाडतो. वेळ तर विचारूच नका. चावीवाला कधी पहाटे चारला चावी फिरवतो, कधी रात्री दीडला, सकाळी सात म्हणून निरोप आला तरी दुपार होते. आधी पंधरा मिनिटं पिवळं पाणी जाऊ द्यायचं, त्याला वास असतो, मग जरा निवळलं की सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात आणि ज्याच्याकडं मोटार नाही त्याच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. आमचं घर उताराच्या वरच्या अंगाला आहे त्यामुळं प्रेशर कधीच मिळत नाही. नळाच्या खड्ड्यात उतरून तांब्यानं कळशी भरायची, कळशीनं हंडा, हंड्यानं पिंप. सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत आणि त्या रात्री पायरीवर बसून झाकणं लावत असतात, झोप म्हणलं तरी झोपत नाहीत. पाच दिवसांचं पाणी साठवायचं म्हणजे किती भांडी लागतात हे मंत्रालयात कुणी मोजलंय का? आमच्या दोन खोल्यांत एक भिंत पूर्ण पिंपांचीच आहे. साठवलेल्या पाण्यात तिसऱ्या दिवशी अळ्या दिसतात, मग आरोग्यवाले येतात आणि डेंग्यूच्या नावानं आम्हालाच बोलून जातात, कोरडा दिवस पाळा म्हणून.

आणि उन्हाळा म्हणजे माझा कामाचा सीझन. जूनला शाळा उघडतात, म्हणून मार्च ते मे युनिफॉर्मच्या ऑर्डरी पडतात, ह्या तीन महिन्यांवर आमचं वर्ष चालतं. नेमकं तेव्हाच पाण्याचं सगळ्यात वाईट. रात्रभर पाणी भरून सकाळी मशीनवर बसलं की डोळे मिटतात. मागच्या वर्षी असंच पेंगत असताना सुई अंगठ्यातून आरपार गेली, नखासकट. आठ दिवस मशीन बंद. मला पीसवर पैसे मिळतात साहेब, शर्ट नाही शिवला तर पैसे नाहीत, कारण काहीही असो. मालक मला न शिवलेल्या शर्टाचे पैसे देत नाही आणि मी मागतही नाही. मग न सोडलेल्या पाण्याचे पैसे माझ्याकडून कुठल्या तोंडानं मागता?

हिशेब सोपा आहे. पाचव्या दिवशी एकदा, म्हणजे ३६५ दिवसांत ७३ वेळा. तेही दोन-अडीच तास. बिल वर्षाचं. नळाला मीटर नाही, अर्धा इंची कनेक्शनला ठरलेला आकडा, पाणी आलं काय नाही आलं काय आकडा तोच, आणि आता तोही वाढवला. वर प्यायला जार विकत घ्यावा लागतो, लग्नकार्य असलं की टँकर सांगावा लागतो, ते पैसे वेगळेच.

आता तुमचे लोक म्हणतील पाणीच नाही तर देणार कुठून. हे मात्र बोलू नका. उजनी आमच्या जिल्ह्यात आहे. १९८० पासून भरतंय ते धरण. माझ्या पोरानं मोबाईलवर हिशेब करून दाखवला, तुम्हीही करून बघा. माणशी रोज १३५ लिटर हा सरकारचाच नियम, २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाख होतं, आता दहा लाख धरा, तर रोजचे साडेतेरा कोटी लिटर. वर्षाचं झालं पावणेदोन टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). गळती-बिळती धरून दुप्पट करा, साडेतीन. आणि उजनीचा नुसता उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या वर आहे, खालचा मृतसाठा ६३ टीएमसी तो वेगळाच. शहरासाठी नदीतून पाणी उपसतात त्या टाकळीच्या इनटेकला पाणी मिळावं, भीमेवरचा औज बंधारा भरावा म्हणून उजनीतून भीमा नदीत पाणी सोडतात तेव्हा एकेका वेळेला पाच-सहा टीएमसी जातं असं पेपरात वाचतो. म्हणजे गळती सोडून आमच्या अख्ख्या वर्षाच्या गरजेच्या तिप्पट पाणी एका फेऱ्यात नदीत, वाळूत, उसात जिरतं आणि नावावर पडतं आमच्या, की सोलापूर शहराला पिण्यासाठी सोडलं! २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांपर्यंत गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलं पाणी वापरावं लागलं, ते मान्य, तेव्हा आम्ही तोंडातून शब्द काढला नाही. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरलं, २०२५ च्या सप्टेंबरात तर सीना नदी गावागावांत शिरली, माढा-मोहोळकडं घरं पाण्यात होती. तेव्हा तरी आमच्या नळाला रोज पाणी आलं का? नाही आलं. तेव्हाही चार दिवसाआडच.

मग आम्हाला सांगितलं समांतर जलवाहिनी होऊ द्या. उजनी ते सोलापूर एकशे दहा किलोमीटर, दुसरी पाइपलाइन, रोज १७ कोटी लिटर आणणारी. आधी ११० एमएलडीची म्हणजे रोज ११ कोटी लिटरची ठरली, मग १७० ची झाली, ठेकेदार बदलला, कोर्टकचेऱ्या झाल्या, जमिनीचे वाद झाले. एनटीपीसी ह्या सरकारी वीज कंपनीनं अडीचशे कोटी दिले, स्मार्ट सिटीचा पैसा आला. सोलापूर जानेवारी २०१६ च्या पहिल्याच यादीत स्मार्ट सिटी झालं होतं, तेव्हा आम्ही पण पेढे खाल्ले. किती निवडणुकांच्या सभा त्या एका पाइपवर झाल्या! पाइप जोडला की दिवसाआड पाणी, मग रोज पाणी, हे वाक्य सगळ्याच पक्षाच्या लोकांनी आमच्या चौकात माईकवरून म्हणलंय. आता पाइप झाला तर म्हणतात शहरातल्या आतल्या लाइनी जुन्या आहेत, टाक्या कमी आहेत, वितरण व्यवस्थेचा वेगळा आराखडा करावा लागेल. अहो मग एवढी वर्षं तो पाइप घालताना आतल्या लाइनी कुणाला दिसल्या नाहीत? शहराबाहेर पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पाणी आणून तिथं बघत बसायचं होतं का? हे काय पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला आधी कळत नाही असं मला वाटत नाही. कळत होतं, पण आतल्या गल्लीतल्या पाइपचं उद्घाटन होत नसतं.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू का. लाइटचं बिल चुकलं तर मला माहीत आहे कुठं जायचं. आधी कंपनीत तक्रार, तिथं नाही झालं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, तिथंही नाही झालं तर विद्युत लोकपाल. दर वाढवायचा असेल तर वीज नियामक आयोगापुढं जावं लागतं, लोकांच्या हरकती मागवतात, सुनावणी होते. तिथं गरिबाला फार न्याय मिळतो असं मी म्हणत नाही, दर वाढतातच, पण निदान बोलायला एक दार आहे, आणि लाइट ठरलेल्या वेळेत नाही आली तर भरपाईचाही नियम आहे. पाण्याला काय आहे? २००५ च्या कायद्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण केलं तुम्ही. ते काय ठरवतं तर ठोक जलदर, म्हणजे धरणातलं पाणी शहराला कितीला द्यायचं. पुढं तेच पाणी माझ्या नळाला कितीला, किती दिवसाआड, किती वेळ, किती स्वच्छ, हे बघणारं वरचं कोणीच नाही. जो पाणी देतो तोच दर ठरवणार, तोच बिल काढणार, तोच शास्ती लावणार, तोच नळ तोडणार आणि त्याच्याविरुद्धची तक्रार पण तोच ऐकणार. असा न्याय कुठं असतो हो?

दर ठरवायला निदान निवडून आलेले नगरसेवक तरी असायला हवे होते. कायद्यात २० फेब्रुवारीच्या आत सभेनं पुढच्या वर्षाचे दर ठरवायचे असतात. पण मार्च २०२२ ला आमच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूकच झाली नाही, तोवर प्रशासक तेच सभागृह आणि प्रशासक तेच आयुक्त होते. एकच माणूस प्रस्ताव मांडायचा आणि तोच मंजूर करायचा. आम्ही भांडायचं कुणाशी, चावीवाल्याशी? तेच करतो आम्ही. त्या बिचाऱ्याला बाया शिव्या देतात, कधी अंगावर धावून जातात, आणि खरं तर त्याचा पगार बघितला तर तो आमच्याच गल्लीतला माणूस आहे. वरचे लोक एसीत आणि खालचे एकमेकांच्या उरावर, ही तुमची सगळी व्यवस्थाच अशी आहे, पाण्यातच नाही, रेशनला तेच, सिव्हिलला तेच, पेन्शनच्या रांगेत तेच. मोठा थकबाकीदार असला की अभय योजना येते, शास्ती माफ होते, आणि जो वेळेवर भरतो त्याला दोनदा भरायला लावतात. मग उद्यापासून कुणी प्रामाणिकपणे का भरावं?

एक गोष्ट लक्षात ठेवा, ब्रिटिशांनी १८७१ ला हिप्परग्याचा तलाव बांधून ठेवला, त्याचं पाणी आजही ह्या शहराला लागतं. त्यांना आमची मतं नको होती तरी बांधला.

म्हणून माझं मागणं असं आहे. जेवढे दिवस पाणी सोडलं तेवढ्याच दिवसांचं बिल करा, दर वाढवायचा तर आधी वार्डावार्डात पाणी किती तास दिलं ते जाहीर करा, पावती असेल तर नळ तोडायला बंदी घाला, आणि विजेला आयोग आहे तसा पाण्यालाही करा, जिथं माझ्यासारखीला वकिलाशिवाय उभं राहता येईल. आणि ती सुनावणी मुंबईला ठेवू नका. एक दिवस मुंबईला यायचं म्हणजे माझे शर्ट बुडतात आणि नेमकं त्याच दिवशी पाणी यायचं. सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिराच्या सभागृहात लावा, रिकामी खुर्ची सापडणार नाही. आमच्या गल्लीतल्या बायांनी कॅलेंडरवर पाणी आलेल्या प्रत्येक तारखेला गोल केलेला आहे, वेळ पण लिहिली आहे, किती वाजता आलं किती वाजता गेलं. ती कॅलेंडरं घेऊन आम्ही येतो, तुमच्या लोकांना त्यांची रजिस्टरं घेऊन यायला सांगा, आणि सगळ्यांसमोर एकेक महिना काढून ताडून बघू.

आपली,
एक नळधारक, पूर्व भाग, सोलापूर