पिल्ला, ते अख्खं जग आत्ताच पाठवू नकोस

प्रिय पिल्ला,

तू रचलेल्या काल्पनिक जगाची फाइल रात्री बसून वाचली, सगळी नाही झाली, पण नकाशे, तीन राजघराण्यांच्या वंशावळी आणि देवांची यादी इथपर्यंत पोचलो. मजा आली, खरंच. पण ही फाइल थेट एखाद्या आरपीजी (टेबलाभोवती बसून, पात्रं होऊन खेळायचे रोल-प्लेइंग गेम) पब्लिशरला पाठवते म्हणतेस ना, ते करू नकोस. फाइल वाईट आहे म्हणून नाही, त्यांना जग विकत घ्यायचंच नसतं म्हणून. त्यांच्याकडे स्वतःचं जग आधीच असतं, कधी कधी तर पिढ्यान् पिढ्या चाललेलं, डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ चा, कॉल ऑफ क्थुल्हू १९८१ चा, आणि त्यांना फ्रीलान्सर हवा असतो तो त्या जगातला एक कोपरा सांगितलेल्या शब्दांत, सांगितलेल्या तारखेला लिहून देणारा. शिवाय न मागवलेलं लिखाण बरेच जण उघडूनसुद्धा बघत नाहीत, उद्या त्यांच्याच पुस्तकात तसं काही निघालं तर चोरीचा आळ नको.

मी इतकी वर्षं ह्याच पुस्तकांचं एडिटिंग करतोय, त्यामुळे पलीकडून काय दिसतं ते सांगू शकतो. असाइनमेंट असते चार हजार शब्दांची, येतात सहा हजार, आणि लेखक खूश की दोन हजार फुकटात दिले. अगं, पानं ठरलेली असतात, चित्रांची ऑर्डर गेलेली असते, ते दोन हजार कुणीतरी बसून कापायचे असतात आणि तो कुणीतरी म्हणजे मी. असा माणूस कितीही भारी लिहीत असला तरी कामं वाटणारा डेव्हलपर पुढच्या वेळी दुसऱ्याला मेल टाकतो. त्यापेक्षा ठीकठाक लिहिणारा पण वेळेवर, स्टाइल गाइड वाचून, स्टॅट ब्लॉक (पात्राच्या ताकदीचे आकडे) तपासून देणारा, त्याला काम मिळत राहतं. अन्याय वाटेल, पण आहे असं.

आता तुझ्या फाइलमधलं मला सगळ्यात आवडलेलं पान, पुलावर टोल घेणारा तो बहिरा राक्षस. तिथे डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, खेळाडूंना वाचून दाखवायच्या चौकटीत तू लिहिलंयस, ‘राक्षसाला बघून तुमचा थरकाप उडतो आणि तुम्ही दोन पावलं मागे सरता.’ कोण मागे सरतं? ते खेळाडू ठरवणार ना! टेबलावर एक जण हमखास म्हणणार, माझी बार्बेरियन योद्धा नाही घाबरत कुणाला. चौकटीत फक्त काय दिसतं, काय ऐकू येतं, कसला वास येतो एवढंच, तेही तीन-चार वाक्यांत, त्यापुढे कुणी ऐकत नाही. मग दीड पान पुलाचा इतिहास आहे जो खेळाडूंना कळायचा काही मार्गच नाही, आणि जे खरं लागतं ते कुठेच नाही, म्हणजे राक्षसाला काय हवंय, लाच दिली तर घेतो का, हल्ला केला तर लढतो का पळतो, कुणी पोहून गेलं तर पाण्यात काय आहे. डीएम बिचारी सगळ्यांच्या नजरा झेलत पान उलटत असते, तिला हे एका नजरेत सापडलं पाहिजे. आणि राक्षस बहिरा आहे म्हणजे गोड बोलून सुटायची सोयच नाही, खुणा कराव्या लागणार, केवढी धमाल आहे त्यात, ती तर तू वापरलीच नाहीस.

तेव्हा तेवढा पूल घे आणि दोन पानांत बसव. मग त्यावरचा खेळ तू चालवू नकोस, दुसऱ्या कुणा डीएमला दे आणि गप्प बाजूला बसून ती कुठे अडखळते ते लिहून घे, कारण स्वतः चालवलं की कागदावर नसलेलं आपण डोक्यातून भरतो. अख्खं डंजन (साहस घडतं ते भुयार) एका पानात मांडायची वन पेज डंजन कॉन्टेस्ट २००९ मध्ये सुरू झाली, तिच्या जुन्या एंट्रीज चाळ, काय काय गाळता येतं ते कळेल.

झालं की विकायला ठेव. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनचे मूळ नियम, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहेत, श्रेय दिलं की त्यावर बेतलेलं लिखाण कुठेही विकता येतं. डीएम्स गिल्ड ही त्याच खेळाची ऑनलाइन बाजारपेठ २०१६ पासून आहे, तिथे त्या खेळाची ठरलेली जगंसुद्धा वापरता येतात आणि विक्रीचे ५० टक्के तुला, पण तिथे टाकलेलं दुसरीकडे विकता येत नाही, म्हणून तुझ्या स्वतःच्या जगातलं काही तिथे नको. अशा दोन-तीन पूर्ण झालेल्या गोष्टी हातात असल्या की मग ओपन कॉल (‘लेखक हवेत’ अशा जाहिराती) शोध, आणि मेल चार ओळींचा: मी कोण, हे माझं छापलेलं, तुमचा अमुक खेळ मी खेळते, छोटं काम असेल तर सांगा. बस्स.

पैशाचं सांगतो, नोकरी सोडू नकोस. शब्दावर पैसे मिळतात, छोट्या पब्लिशरकडे काही सेंट, दहा सेंट म्हणजे चांगलं समजतात. पाच सेंटने चार हजार शब्दांचे दोनशे डॉलर होतात, आणि त्यात आउटलाइन, पहिला ड्राफ्ट, प्लेटेस्ट (खेळून तपासणं), दुरुस्त्या सगळं आलं. करार बहुतेक वेळा वर्क फॉर हायर असतो, म्हणजे लिहिलेलं कायमचं त्यांचं, तुला पैसे आणि क्रेडिट, म्हणूनच ती वंशावळीवाली फाइल घरीच ठेव म्हणतोय. सही करायच्या आधी पैसे मजकूर मंजूर झाल्यावर मिळणार की पुस्तक आल्यावर हे बघ, दोन्हींत सहज वर्षाचा फरक पडू शकतो, आणि काम मध्येच रद्द झालं तर किल फी, म्हणजे भरपाई, आहे का तेही. एनडीए (गुप्ततेचा करार) असेल तर घोषणा होईपर्यंत तोंड बंद, मैत्रिणींच्या ग्रुपवरसुद्धा.

पुलाचा नवा ड्राफ्ट झाला की पाठव, लाल खुणा करून परत देतो, रडायचं नाही. सोबत इनव्हॉइसचा नमुना जोडलाय, मजकूर दिला की करारातल्या तारखेला न चुकता पाठवायचा, कारण मागितल्याशिवाय अकाउंट्सवाले हलत नाहीत.

बाबा