पोटमाळ्यावरून, काकांना

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. आता नाही बदलता येणार. नात वाचून दाखवेल, आणि मधलं काही गाळायचं नाही हे मी तिला बजावून ठेवलंय.

२०१६ चा जून होता. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या गल्लीत पाणी तुंबलेलं, आणि आम्ही तिघं चपला हातात घेऊन तुमच्या शेडच्या दारात उभे. त्याआधी आठ-दहा ठिकाणी नकार मिळाला होता. आयटी पार्कातलं भाडं परवडणारं नव्हतं आणि सोसायट्यांना ऑफिस नको होतं. तुम्ही लोखंड कातायच्या लेथवरून मान वर न करता विचारलंत, "काय बनवता?" मी म्हटलं, "मोबाइलवरचे गेम." तुमचा पुढचा प्रश्न एकच होता: "लाइट किती खाणार?" पोटमाळा महिना नऊ हजारांना दिलात, डिपॉझिटशिवाय. वर येणारी धूळ अडवायला प्लायवूडचं पार्टिशन स्वतः ठोकून दिलंत. आम्हाला आवाज रेकॉर्ड करायचे असत, तर रोज जेवणानंतर वीस मिनिटं सगळी मशिनं बंद ठेवायचात. त्या वीस मिनिटांत तुमचं किती काम खोळंबत होतं, हे मला फार उशिरा, स्वतः पगार द्यायला लागल्यावर कळलं.

पहिली दोन वर्षं आम्ही किल्ल्यांचा एक भव्य गेम बनवत होतो. चार किल्ले, प्रत्येकात फिरता येईल असं सगळं जग, घोडे, पाऊस, रात्रीच्या मशाली. माणसं तीन. २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत दीड किल्ला झाला होता आणि घरून आणलेले पैसे संपले होते. त्या संध्याकाळी तुम्ही वर आलात आणि विचारलंत, "पूर्ण होऊन बाहेर गेलेला माल किती?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही मला खाली नेऊन मागच्या रॅकवरची एक पेटी दाखवलीत. गिऱ्हाइकाने अर्ध्यात सोडलेले शाफ्ट होते त्यात, सगळे गंजलेले. म्हणालात, "अर्धवट माल नुसता पडून राहत नाही पोरी, तो खराब होतो."

काका, हे गेमलाही शब्दशः लागू आहे. आम्ही युनिटी नावाच्या इंजिनावर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, काम करतो. त्याची नवी आवृत्ती येते, त्याला जोडलेले जुने तयार भाग, म्हणजे प्लगइनं, चालेनाशी होतात, फोन बदलतात, आणि दोन वर्षांपूर्वी व्यवस्थित चालणारा दरवाजा एके सकाळी उघडत नाही. कोडलाही गंज चढतो. तो किल्ला आम्ही त्याच आठवड्यात बंद केला. रडलो, पण केला.

मग तुम्हीच जॉबवर्कचा रस्ता दाखवलात. अर्धा आठवडा दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम, अर्धा आठवडा स्वतःचा माल. तुम्ही १९७८ पासून शेड अशीच चालवली होती. आम्हाला त्यात कमीपणा वाटायचा. पण आपल्या देशातला हा धंदा उभाच तसा राहिलाय. १९९७ मध्ये सुरू झालेली बंगळुरूची ध्रुव इंटरॲक्टिव्ह परदेशी स्टुडिओंचं काम करत मोठी झाली, आणि २०१९ मध्ये रॉकस्टार या परदेशी गेम कंपनीने तिला विकत घेतलं. आम्ही परदेशातल्या स्टुडिओंसाठी खुर्च्या बनवल्या, गाड्यांची चाकं, पिंपं, दारं, खिडक्या. त्या कामाने वेळेवर माल द्यायला शिकवलं. एका गिऱ्हाइकाने सात महिने पैसे अडकवले, तेव्हा पुढच्या ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ मागायला तुम्हीच लावलंत. मागितले, आणि मिळाले.

आता खाडीच्या गेमबद्दल. हे नीट सांगायचंय, कारण लोक मला मुलाखतींत विचारतात की ती कल्पना कुठून सुचली, आणि मी दर वेळी तुमचं नाव घेते, पण छापताना तेवढंच वाक्य गळतं.

आम्हाला छोटा गेम करायचा होता. ऐरोलीच्या पुलावरून येता-जाता रोहित पक्षी दिसायचे. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालेलं, आणि थंडी लागली की ओहोटीच्या चिखलात माना खाली घालून गुलाबी थवेच्या थवे चरताना दिसतात. खेळणाऱ्याने थव्याला उघड्या चिखलावर न्यायचं, पाणी चढायच्या आत तिथून हलवायचं, एवढाच खेळ. भरती-ओहोटी आम्ही एका साध्या वक्ररेषेवर बसवली होती. बारा तासांनी चढणार, बारा तासांनी उतरणार. दिसायला छान दिसत होतं.

तुम्ही चेंदणी कोळीवाड्यात वाढलेले, हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. तुम्ही स्टुलावर बसून गेममधले तीन दिवस नुसते बघितलेत, फोनला हातही न लावता. मग म्हणालात, "ही खाडी नाही. ही टाकी आहे. रोज त्याच वेळी भरतेय."

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही आम्हाला चेंदणीच्या बंदरावर नेलंत. खांबावरची पाण्याची ओली रेघ दाखवलीत, आणि तिच्यावरची सुकलेली जुनी रेघ. कालची आणि गेल्या उधाणाची. तिथे उभ्या उभ्या मला तो हिशोब सांगितलात: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रोज पाऊण तास पुढे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा खाडी जेमतेम हलते. मी नंतर घरी येऊन भरतीच्या तक्त्यांशी पडताळून पाहिलं. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण लाटांवर पोट असणाऱ्या माणसाला पुरेल इतकं जुळतं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, कारण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करेपर्यंत चंद्रही थोडा पुढे गेलेला असतो.

तो हिशोब आम्ही जसाच्या तसा कोडमध्ये घातला. तिथी गुणिले ४५ मिनिटं. एका ओळीने आमचा सगळ्यात मोठा पेच सुटला. गेम सोपा कुठे असावा, अवघड कुठे, यावर आम्ही चार महिने भांडत होतो. ते उत्तर पंचांगात तयार होतं. गेम शुद्ध अष्टमीला सुरू होतो, कारण शिकणाऱ्याला भांगाचं शांत पाणी हवं. तिथून तो रोज थोडा चढत पौर्णिमेच्या उधाणाला जातो, आणि वद्य अष्टमीला पुन्हा शांत होतो. सोळा तिथी, सोळा पातळ्या. "गेममधलं पाणी जिवंत वाटतं" असं खेळणारे अजून लिहून पाठवतात. त्यातल्या प्रत्येकाला मला तुमच्या खांबावरची ती रेघ दाखवावीशी वाटते.

आणि मग अंगठा. तुम्ही पहिल्यांदा गेम खेळायला घेतलात तेव्हा थवा हलेचना. तुम्ही दाबताय, बाजूचंच काहीतरी उघडतंय. आम्ही तिघं म्हणालो, काका, हळू दाबा, टोकाने दाबा. तुम्ही फोन खाली ठेवलात, काही न बोलता स्टँपपॅडवर अंगठा उमटवून कागदावर टेकवलात आणि व्हर्नियर लावून मोजलात. चाळीस वर्षं लोखंड हाताळलेला अंगठा. बटण किमान ४८ डीपीचं (डीपी हे स्क्रीनवरचं माप), म्हणजे सुमारे ९ मिलिमीटरचं असावं, असं अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय. आमची बटणं सहाची होती, कारण सहाची सुंदर दिसत होती. तुम्ही म्हणालात, "पुस्तकात नऊ असेल. मला बारा लागतात. आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत."

दुपारी लेथवर पितळेची एक पिन फिरवून आणलीत. एका टोकाला ९, दुसऱ्या टोकाला १२. शेडमधल्या गो-नोगो गेजसारखी. पिन स्क्रीनवर ठेवायची. बटण तिच्याबाहेर दिसलं तर पास, पिनेखाली झाकलं गेलं तर रिजेक्ट. सारखी लागणारी बटणं बाराने तपासायची, बाकीची नऊने. काका, आज आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी ती पिन देतो. तिची धार आता बोटांनी गुळगुळीत झालीय. तिच्यामुळे गवंडी, रिक्षावाले, गुडघ्यावर फोन ठेवून खेळणाऱ्या आज्या, असे कितीतरी लोक आमचे गेम खेळू शकतात. तुम्हाला बारा लागतात हे त्या दिवशी तुम्ही लाजून गिळलं असतंत, तर ते सगळे बाहेर राहिले असते.

फोन तापतोय हेही तुम्हीच पकडलंत, बेअरिंगला लावतात तसा उलटा हात लावून. सेकंदाला ६० चित्रं काढायची तर एका चित्राला १६ मिलिसेकंद आणि वर थोडं मिळतं, आणि आम्ही त्यात खाडीचं सगळं पाणी दर वेळी नव्याने रंगवत होतो. ते निम्म्यावर आणलं, स्वस्तातले २ जीबी मेमरीचे फोनही गार राहिले.

लॉकडाउनबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. तुमची शेड बंद, ऑर्डरी बंद, आणि तरी तुम्ही आमच्याकडून पाच महिने भाडं घेतलं नाहीत. एवढंच. हे लोकांना कळलं पाहिजे.

खाडीचा गेम २०२१ च्या जानेवारीत आला. त्याच वर्षी १ जुलैपासून गुगलने प्ले स्टोअरवर दर वर्षीच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या कमाईवरचा आपला वाटा ३० टक्क्यांवरून १५ वर आणला. मी तुम्हाला सांगायला धावत खाली आले, तर तुम्ही कोळीवाड्यातल्या दलालीशी ताडून पाहून म्हणालात, "आता बरोबर आहे." पुढच्या वर्षी ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय, दर्जा मिळाला, तेव्हा पेढे तुम्ही आणलेत.

आणि ते कर्ज. २०२३ च्या शेवटी आम्हाला आठ लाख हवे होते. १ ऑक्टोबरपासून पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर २८ टक्के जीएसटी लागला होता, आणि बँकेत 'गेम' शब्द उच्चारला की समोरचा माणूस फाइल मिटायचा. आमच्या गेममध्ये कुणी रुपयाही लावत नाही, हे मी तीन खेपांना समजावलं. चौथ्या खेपेला तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सोबत आलात आणि जामीन म्हणून सही केलीत. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, बुडलो तर? तुम्ही म्हणालात, "माल बघितलाय मी." २०२५ च्या कायद्याने पैशांचे गेम बंद झाले त्या दिवशी सकाळी सातला पहिला फोन तुमचाच: "आपलं चालू आहे ना?" आपलं म्हणालात, काका. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले होते.

शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात गेला. तुमची सही मोकळी झाली. आता आम्ही चौदा जण आहोत, दोन गेम बाजारात आहेत, तिसरा तयार होतोय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आपला 'राजी' हा गेम जगभर नेला, तेव्हा आमच्या किल्ल्यांची मला खूप आठवण आली होती. तिसरा गेम किल्ल्याचाच आहे. एकच किल्ला. पूर्ण होणारा.

तुम्ही शेड बंद केलीत, लेथ विकलात, तेव्हा पोटमाळा सोडावा लागेल म्हणून आम्ही घाबरलो होतो. तुम्ही नव्या भाडेकरूशी आधीच बोलून ठेवलं होतंत. जेवणानंतरची वीस मिनिटं शांततेची अट तुम्ही त्याच्या करारात लिहून घेतलीत, हे मला त्याच्याकडून कळलं. तो ती पाळतो.

येत्या पौर्णिमेला किल्ल्याचा पहिला खेळता येणारा भाग घेऊन आम्ही सगळे तुमच्याकडे येतोय. तुमच्या हिशोबाने भरती सव्वाअकराला. साडेनऊला पोचू, म्हणजे खेळून झाल्यावर बंदरावर जाऊन पाणी बघता येईल. चष्मा शोधून ठेवा. पिन मी आणते.

तुमची,
पोटमाळ्यावरची पोरगी