रात्रीच्या फेऱ्या

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, नेमकं झालं काय होतं?" सूनबाई शेजारी होती म्हणून मी विषय बदलला. आता सगळं लिहितो.

दोन वर्षं मी रात्री चार-चार वेळा लघवीला उठत होतो. उभं राहिलं तरी धार लवकर सुरू व्हायची नाही. आली तरी बारीक, तुटत तुटत, आणि परत अंथरुणावर टेकतो न टेकतो तोच वाटायचं, अजून राहिलीच आहे. तुझ्या आईला सांगायचो, चहा जास्त झाला. जानेवारीत सर्दी झाली, मेडिकलमधून गोळी आणून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लघवी पार तुंबली. ओटीपोट बेंबीपर्यंत फुगून दगडासारखं झालं. बसवेना, उभं राहवेना. दवाखान्यात नळी घातली तेव्हा पिशवीत जवळजवळ लिटरभर लघवी उतरली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते आणि लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. पन्नाशीनंतर ती बहुतेकांची वाढते आणि नळीला आवळते. तरुणपणी साधारण २० ग्रॅमची असते, माझी ७० ग्रॅमची झाली होती. त्यात सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आणखी आवळतं. आता ती आवळ सैल करणारी टॅम्सुलोसिन नावाची गोळी चालू आहे. रात्री एकदाच उठतो.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. कॅन्सर बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, नळीपासून लांब सुरू होतो. म्हणून सुरुवातीला लघवी नीट होत राहते, काही कळतच नाही. तुझ्या आजोबांची कंबर वर्षभर दुखत होती. मी रोज रात्री तेल चोळायचो, विटेने शेकायचो. कळलं तेव्हा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचला होता. ते मला अजून सलतं. वडिलांना असला की मुलाचा धोका साधारण दुप्पट होतो, म्हणून माझी पीएसए तपासणी झाली, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन किती आहे ते पाहणारी रक्ताची तपासणी. तीही दवाखान्यात घातलेली नळी काढल्यावर काही आठवडे थांबून, कारण लघवी तुंबल्यानं आणि नळीनंही तो आकडा चढतो. काळजीचं काही निघालं नाही.

तू अडतीसचा. पंचेचाळिशीत डॉक्टरांशी या तपासणीबद्दल बोल. त्याआधी कधी थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ झाली आणि बैठकीच्या जागी खोलवर दुखलं, तर तो प्रोस्टेटचा जंतुसंसर्ग असू शकतो. तो तरुणांनाही होतो. त्याच दिवशी दवाखाना गाठ, आणि ताप उतरला म्हणून अँटिबायोटिक मध्येच सोडू नकोस.

दिवाळीला आलास की माझी फाइल दाखवतो. आजोबांचा रिपोर्टही त्यातच ठेवलाय. घरात कोणाला होता का, असं डॉक्टर विचारतील तेव्हा तुला सांगता यायला हवं.

तुझे,
बाबा