सरवा वेचणारी रूथ आणि आजचा वाचक

महोदय,

बायबल हा हजारो वर्षांपूर्वीचा ग्रंथ आज कशासाठी वाचायचा, असा प्रश्न ख्रिस्ती भाविकांना अधूनमधून विचारला जातो. नवापूर परिसरातील आमच्या मंडळीत त्याचे उत्तर मला बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात सापडते. मवाब देशाची ही विधवा सासूबरोबर बेथलेहेमला येते आणि पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसे, वेचते; तो तिला वेचता येतो, कारण शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नये, मागे राहिलेले गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्यावे, असा नियम बायबलमधल्याच लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आहे. नंदुरबार-धुळ्यातील ज्या कुटुंबांना दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी गुजरातेत जावे लागते, त्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. पुढे याच परदेशी रूथचे नाव शुभवर्तमानकार मत्तयाने येशूच्या वंशावळीत नोंदवले आहे, हे विशेष.

बायबलचा प्रत्येक भाग असा सहज उमगतो, असे नाही. निवासमंडपाची, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूची, मापे वाचताना अनेकांना डुलकी लागते, हेही खरे. परंतु स्तोत्रसंहितेत देवाला ‘कोठवर?’ असे विचारण्याची मुभा आहे आणि घरात मयत झाल्यावर तीच स्तोत्रे आधाराला येतात.

मात्र रविवारी वाचून बायबल कपाटात ठेवणाऱ्यांनी, विशेषतः आमच्यापैकी ज्यांची स्वतःची शेती आहे त्यांनी, लेवीयचा तोच अध्याय पुढेही वाचावा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नये, असे तेथे स्पष्ट बजावले आहे.

– एक वाचक, नवापूर (जि. नंदुरबार)