पडवीतली गिनती

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आई, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांनी अजून वाचायचे नाही, म्हणून हे पत्र तू त्यांना मोठ्याने वाचून दाखव. फोनवर ते दोन मिनिटांत "बरं आहे, जप" म्हणून ठेवून देतात.

बाबा, तुम्ही १९८७ साली हवालदार म्हणून पेन्शनीवर आलात, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तोवर बाबा म्हणजे वर्षातून एकदा येणारी रजा, काळी लोखंडी पेटी आणि महिन्याची मनिऑर्डर, एवढेच मला ठाऊक होते. आल्यावर तुम्ही खानापूरच्या त्या पावसात भाताची लावणी केलीत, माळावर रताळी लावलीत आणि पुढे बेळगावात बँकेत पहारेकऱ्याची नोकरी धरलीत. तिथे भत्ता मिळत असतानाही तुम्ही रात्रपाळी घेतली नाहीत. घरात पैशांची ओढाताण असताना असे का, हे आजी बोलून दाखवायची आणि तुम्ही ऐकून घ्यायचात.

रोज रात्री निजानीज झाली, की तुम्ही टॉर्च घेऊन पडवीत यायचात. उजेडाने कुणाची झोप मोडू नये म्हणून काचेवर तळहात धरलेला असे आणि बोटांच्या फटींतून तांबूस प्रकाश अंथरुणांवर पडे. आजी, आई आणि आम्ही तिघे भावंडे, अशा प्रत्येकाच्या पायाच्या अंगठ्याला हलकेच बोट लावून तुम्ही पुटपुटायचात, "पाच हजर." दादा कोल्हापूरला वसतिगृहात गेल्यावर "चार हजर, एक बाहेरगावी" असे म्हणू लागलात. आम्हाला ती पलटणीतली जुनी सवय वाटे.

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या बातम्यांत तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दाखवू लागले, तेव्हा तुम्ही टीव्ही बंद केलात आणि पहिल्यांदाच १९७१ च्या युद्धातले, पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) जमालपूरचे सांगितलेत. मेघालयाकडून कमालपूर, बक्षीगंज असे करीत तुमची १ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पिछाडीला रस्ता रोखून बसली होती. शरण या म्हणून आपल्याकडून गेलेल्या चिठ्ठीला तिथल्या पाकिस्तानी कर्नलने कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर दिले, ही गोष्ट मी नंतर पुस्तकांत वाचली. तुम्ही तिचा उल्लेखही केला नाहीत. तुम्ही सांगितलीत ती १० डिसेंबर १९७१ ची रात्र, जेव्हा शत्रू वेढा फोडण्यासाठी तुमच्या मोर्चांवर पुन्हा पुन्हा चालून आला. उजाडल्यावर सेक्शनची, म्हणजे तुमच्या छोट्या तुकडीची, गिनती झाली. दहा जण होतात, "हजर" म्हणणारे आवाज सातच आले. तुम्ही पुन्हा मोजायला लावलेत, तरी सातच. पाच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली, ते तुम्ही एका वाक्यात संपवलेत आणि गोठ्यात निघून गेलात.

मी त्या वर्षी तेवीस वर्षांची होते, जमालपूरला तुम्ही होतात नेमकी तेवढी. रात्रपाळी का नको होती आणि अंगठ्याला बोट का लावायचात, हे मला त्या दिवशी कळले. ते तुम्हाला सांगायचे मात्र आजवर राहून गेले, याची खंत आहे. लोक तुम्हाला लढाईतला माणूस म्हणून मान देतात, तो योग्यच आहे. पण माझ्या लेखी तुमचे शौर्य त्या पडवीतही होते, कारण जे मनात वागवत होतात त्याची झळ तुम्ही आम्हाला कधी लागू दिली नाहीत. आई, तुला हे आधीपासून ठाऊक होते ना? टॉर्च जवळ आला की तू जागी असूनही डोळे घट्ट मिटून घ्यायचीस, ते मी पाहिले आहे.

१५ डिसेंबरला सकाळी आम्ही चौघे राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेळगावला उतरतो. बाबा, स्टेशनवर येऊ नका, थंडी असेल आणि डोळ्यांना वारा लागेल. पडवीत सहा अंथरुणे घालायची आहेत. टॉर्चचे सेल मी आणते, गिनती तुम्हीच करा.

आपली,
ताई