स्लॅब निकृष्ट, दाद कोणाकडे मागायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्याची जी फरफट होते, तिच्याकडे या पत्राद्वारे लक्ष वेधू इच्छितो. आमच्या घराचे सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा व आधार) काढले तेव्हा स्लॅबच्या खालच्या बाजूस खडी उघडी पडली होती आणि काही ठिकाणी सळईही दिसत होती. ठेकेदाराने तिथे सिमेंटचा हात फिरवून ‘प्लास्टर झाल्यावर काही दिसणार नाही’ असे सांगितले. दिसले नाही हे खरे, परंतु पहिल्याच पावसाळ्यात छत गळू लागले.

कारणे गूढ नाहीत. माल सहज पसरावा म्हणून मिक्सरमध्ये अंदाजाने पाणी ओतले जाते. वास्तविक काँक्रीटसाठीच्या ‘आयएस 456’ या भारतीय मानकानुसार एम-20 प्रतीच्या काँक्रीटमध्ये पाण्याचे सिमेंटशी वजनी प्रमाण 0.55 पेक्षा अधिक नसावे, म्हणजे 50 किलोच्या गोणीस सुमारे 27 लिटर, आणि त्यातही ओल्या वाळूतले पाणी धरायचे असते. सळईखाली किमान 20 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण राहावे म्हणून ठरावीक जाडीचे कव्हर ब्लॉक लावायचे, तिथे खडीचे तुकडे सरकवले जातात. पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट असेल तर स्लॅब किमान 10 दिवस सतत ओला राहायला हवा. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवण्यालाच क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, म्हटले गेले.

रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यामुळे नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिकाधारकाला ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करून मागता येतात. आपल्या भूखंडावर ठेकेदार नेमणाऱ्याला हे संरक्षण नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांपर्यंत खुला असतो, पण तिथे पुरावा लागतो आणि आपल्याकडे चौरस फुटाचा दर तोंडी ठरतो, पैसे रोख दिले जातात. (पावती मागितली की ‘विश्वास नाही का?’ हा प्रश्न ठरलेलाच.)

म्हणून बांधकाम परवानगी देतानाच नगरपालिका व ग्रामपंचायतींनी ठेकेदाराशी झालेला लेखी करार मागावा. तसेच स्लॅबच्या दिवशी अभियंत्यासमक्ष काँक्रीटचे ठोकळे भरून त्यांच्या 28 दिवसांनंतरच्या ताकदीचा चाचणी अहवाल जोडल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक वाचक